जुन्या पिकअपचा चार्जिंग काटा उजवीकडे, तरी बॅटरी उतरलेली. काय समजायचं?

खानापूर_भाजीगाडी
नमस्कार मंडळी. गाडी नव्वदच्या दशकातली डिझेल पिकअप. साधा, वीज न लागणारा डिझेल पंप, बंद करायला ओढायची दोरी. डॅशबोर्डवर जुना चार्जिंग मीटर आहे, मधे शून्य, डावीकडे ३०, उजवीकडे ३०. भाजी भरून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोव्यात जातो. निम्मा-अधिक रस्ता अंधारातला. पावसाळ्यात घाटात धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचा मागचा दिवासुद्धा दिसत नाही.

अडचण अशी की रात्रभर काटा शून्याच्या उजवीकडं, चार-पाचाच्या आसपास दाखवूलालाय. म्हणजे चार्जिंग होतंय असंच मी धरून चाललोय. पण गोव्यात माल उतरवून सेल्फ मारला की घरघर करतो आणि थांबतो. मग चार माणसं गोळा करून धक्का. दिवसाची फेरी असली तर काहीच त्रास नाही. एक मेस्त्री म्हणतो बॅटरी गेली, नवी टाक. दुसरा म्हणतो कटआउट (चार्जिंग आवरणारा डबा) गेलाय. बॅटरी तशी जुनी नाही. नव्या बॅटरीचे पैसे म्हणजे भाजीच्या धंद्यात लहान रक्कम नव्हे. त्याआधी हा मीटर खरं बोलतो की खोटं, एवढं कळलं पाहिजे. कोणी नीट सांगेल काय?

उगारचा_ट्रॅक्टरवाला
सोपं आहे की. गाडी चालू ठेवायची आणि बॅटरीचं एक टर्मिनल काढायचं. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) गेला, चालू राहिली तर बॅटरी गेली. आमच्याकडं सगळे असंच बघतात.

ऑटोनगर_वायरिंग
भाऊ, हे कृपा करून कोणी करू नका. चालू गाडीत टर्मिनल काढलं की अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो. तो झटका सावरायला बॅटरी जोडलेली नसते, त्यामुळं आतले डायोड (करंट एकाच दिशेनं सोडणारे भाग) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) जागेवर जातो. नीट असलेला अल्टरनेटर या तपासणीत गेलेला मी कितीतरी वेळा टेबलावर उघडलाय. डायनमोच्या काळात ही पद्धत खपून गेली, अल्टरनेटरला ती चालत नाही.

शिवाय ही डिझेल गाडी आहे, साध्या पंपाची. तिला चालू राहायला विजेची गरजच नाही. टर्मिनल काढा, अल्टरनेटर काढून घरी ठेवा, इंजिन चालतच राहणार. मग त्यावरून काय ठरवणार?

खानापूरकर, तुम्हाला दोन गोष्टी विचारतो. धुक्यासाठी वेगळे दिवे लावलेत काय? आणि लावले असतील तर त्यांची तार कुठून घेतलीय?

खानापूर_भाजीगाडी
होय अण्णा, दोन पिवळे फॉग लावलेत, ५५ वॅटचे. तार थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून. लावणारा म्हणाला, जुन्या वायरिंगवर भार नको, डायरेक्ट घेतलेलं चांगलं. आणि मीटरनंही कधी तक्रार केली नाही.

ऑटोनगर_वायरिंग
मग दुखणं बहुतेक तिथंच आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा घोळ जुन्या गाड्यांत फार बघायला मिळतो आणि त्यापायी चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात.

तुमचा मीटर ॲमीटर आहे. तो व्होल्टेज दाखवत नाही, बॅटरीत किती माल शिल्लक आहे तेही दाखवत नाही. अल्टरनेटर आणि गाडीचे सगळे मूळचे दिवे त्याच्या एका बाजूला असतात, बॅटरी दुसऱ्या बाजूला. मधल्या एका तारेतून जेवढा करंट बॅटरीकडं जातो तेवढा काटा उजवीकडं, बॅटरीकडून येतो तेवढा डावीकडं. सेल्फची जाड केबल मात्र बॅटरीवरून सरळ सेल्फला जाते, ती यात धरलेलीच नसते. धरली असती तर पहिल्याच सेल्फला मीटर जळाला असता.

आता तुमचे फॉग. ते बॅटरीच्या टर्मिनलवर बसलेत, म्हणजे मीटरच्या बॅटरीकडच्या बाजूला. अल्टरनेटरकडून फॉगला जाणारा करंट मीटरमधून जाताना "चार्जिंग" म्हणूनच मोजला जातो. आणि बॅटरीतून थेट फॉगला गेलेला करंट मीटरला दिसतच नाही.

हिशोब मांडून बघा. घाटात गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसती चालू, पुढं ट्रक अडकलाय. अल्टरनेटर त्या वेगाला समजा २० ॲम्पियर देतोय. हेडलाईट, मागचे दिवे, वायपर मिळून १६ खातात. उरले ४, ते मीटरमधून बॅटरीकडं गेले, काटा चारवर. पण दोन फॉग मिळून ११० वॅट, म्हणजे ९ ॲम्पियरच्या वर मागतात. चार अल्टरनेटरचे आले, उरलेले पाच बॅटरीनं घरातून घातले. काटा प्लसमध्ये, बॅटरी मायनसमध्ये. असं रात्रभर चाललं तर सकाळी सेल्फ कुठून फिरणार?

निपाणी_वखार
अण्णांनी सांगितलेलं आमच्या निपाणीच्या भाषेत सांगतो. ॲमीटर म्हणजे तंबाखूच्या वखारीच्या पुढच्या दारात बसलेला दिवाणजी. दारातून बोद, म्हणजे तंबाखूची मोठी पोती, आत गेले की जमा, बाहेर आले की खर्च. आत एकूण किती बोद आहेत हे तो सांगत नाही. आणि मागच्या खिडकीतून कोणी माल काढूलालाय, तर त्याच्या वहीत जमाच दिसणार. तुमचे फॉग ही मागची खिडकी.

हुक्केरी_दूधगाडी
हे वाचून लगेच गाडीत जाऊन बघितलं. इंजिन बंद, नुसते हेडलाईट लावले तर काटा डावीकडे दहाच्या आसपास गेला. आमच्या गाडीत भावानं मोठा हॉर्न आणि केबिनचा पंखा डायरेक्ट बॅटरीवरून घेतलाय. पंखा लावला तर काटा जागचा हलला नाही. म्हणजे पंख्याचा करंट मीटरला कळतच नाही, हेच ना?

ऑटोनगर_वायरिंग
हेच, ताई. तुम्ही केलंत ती सगळ्यात साधी आणि खात्रीची तपासणी. इंजिन बंद ठेवून एकेक वस्तू लावत जायची. काटा डावीकडे सरकला तर ती वस्तू मीटरच्या हिशोबात आहे. काटा ढिम्म, तर ती वस्तू हिशोबाबाहेर. हेडलाईटला दहाच्या आसपास बरोबर आहे, ६०/५५ वॅटचे दोन बल्ब आणि सोबतचे छोटे दिवे मिळून तेवढेच होतात. हेडलाईट लावूनही काटा दोन-तीनच दाखवत असेल तर मात्र मीटर अडकलाय किंवा कोणीतरी आधीच बाजूनं तार टाकून करंट वळवलाय असं समजा.

खानापूरकर, तुम्ही एक मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, घ्या. साधा डिजिटल चालतो. तो बॅटरीच्या दोन टर्मिनलवर धरून आकडे इथं टाका.

खानापूर_भाजीगाडी
मल्टिमीटर आणला. रात्रीच्या फेरीनंतर गाडी थोडा वेळ उभी ठेवून मोजलं, १२.१. मग इंजिन चालू, स्लोवर, हेडलाईट आणि वायपर लावून १३.२. फॉग लावले तर १२.४ वर आलं. आणि काटा? चारवरच. फॉग लावले, काढले, परत लावले, काटा केसभरसुद्धा सरकला नाही. मल्टिमीटर मात्र दर वेळी वरखाली. डोळ्यांनी बघितल्यावर विषय डोक्यात बसला.

एक विचारायचं होतं. हेच रेस करून बघितलं तर १३.४ च्या वर जात नाही. हे ठीक आहे काय?

ऑटोनगर_वायरिंग
१३.४ कमी आहे. रेसवर १३.८ ते १४.४ च्या मधे यायला पाहिजे. १४.८ च्या वर गेला तर रेग्युलेटर सोडून देतोय, पाणी आटतं, बॅटरी उकळते. तुमचं उलट आहे, कुठंतरी व्होल्टेज गळतोय.

गाडी रेसवर, हेडलाईट चालू. मल्टिमीटरची लाल तार अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवर, काळी तार बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. दोन्ही पॉझिटिव्हच, घाबरू नका. आदर्श आकडा शून्याच्या जवळ, ०.२ ते ०.३ पर्यंत चालेल. मग तसंच निगेटिव्हचं: अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह. तिथंही ०.२ च्या आत पाहिजे. पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात, तारा आणि बाह्या लांब ठेवा.

कणकुंबी_पाऊस
आमच्याकडच्या पावसात अजून एक बघायला पाहिजे, पट्टा. ओल्या रस्त्यावर पाणी उडून पट्ट्यावर गेलं की ढिला पट्टा घसरतो. सेल्फ मारल्याबरोबर किंवा हेडलाईट लावल्यावर चीं करून आवाज येतो तो त्याचाच. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं जोरात दाबला तर साधारण १० ते १२ मिलीमीटर खाली जावा. जास्त गेला तर ढिला. फार ताणलात तर अल्टरनेटरचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग आवाज करायला लागतं. पट्टा आतून चकचकीत, काचेसारखा झाला असेल तर ताणून उपयोग नाही, बदलाच. आणि त्याच मापाचा एक पट्टा सीटखाली असावा. कणकुंबीच्या पुढं रात्री दुकान उघडं मिळत नाही.

चिकोडी_मालवाहू
माझ्या गाडीत काटा नाहीच, फक्त बॅटरीचा लाल दिवा. तो चालताना बंद असतो, पण रात्री काळोखात बघितलं तर अगदी मंद पेटलेला दिसतो. दिवसा कळतही नाही. याचा काही अर्थ असतो काय?

ऑटोनगर_वायरिंग
असतो. त्या दिव्याच्या एका टोकाला चावीतून बॅटरीचा व्होल्टेज येतो, दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचा. दोन्ही सारखे झाले की दिवा विझतो. मंद पेटतोय म्हणजे दोन्ही टोकांत फरक उरलाय. बहुतेक वेळा अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेलेला असतो, किंवा चावीच्या बाजूला कुठं कनेक्शन काळं पडलंय. मल्टिमीटर एसी व्होल्टेजच्या खुणेवर ठेवून चालू गाडीत बॅटरीवर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोडच समजा. अल्टरनेटर तरी चार्ज करत राहतो, पण पूर्ण ताकदीनं नाही, आणि रात्री उभ्या गाडीत बॅटरी हळूहळू त्याच वाटेनं उतरूही शकते.

उलट गोष्टही लक्षात ठेवा. चावी फिरवल्यावर हा दिवा पेटलाच नाही तर आनंद मानू नका. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरला जागं व्हायला लागणारा पहिला करंट याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला की गाडी चालू करून जोरात रेस केल्याशिवाय चार्जिंग उठत नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी लोक अल्टरनेटर खोलायला आणतात.

निपाणी_वखार
आणि चालत्या गाडीत लाल दिवा एकदम लख्ख पेटला तर पहिल्यांदा टेंपरेचरच्या काट्याकडं बघा. पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत एकाच पट्ट्यावर अल्टरनेटर, वॉटर पंप आणि फॅन असतो. पट्टा तुटला तर चार्जिंग जातं हे किरकोळ, पाणी फिरायचं थांबतं हे मोठं. तवंदी घाट चढताना भरलेल्या गाडीत असं झालं आणि "पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ" म्हटलं तर इंजिनाचं हेड (वरचं झाकण) तापून वाकडं होतं. तिथंच कडेला घ्यायची.

खानापूर_भाजीगाडी
अण्णा, आकडे. निगेटिव्हची बाजू ०.१, म्हणजे ठीक. पॉझिटिव्हची बाजू ०.९! मग तुम्ही सांगितलेलं पुढं नेऊन तुकड्या-तुकड्यांनी मोजलं. अल्टरनेटरपासून मीटरच्या मागच्या एका बोल्टपर्यंत ०.१. मीटरच्या दुसऱ्या बोल्टपासून बॅटरीपर्यंत ०.१. म्हणजे उरलेले ०.७ मीटरवरच.

गाडी बंद करून बॅटरीचं निगेटिव्ह काढलं आणि मीटर खोलून बाहेर ओढला. एका बोल्टची नट हातानं फिरत होती. त्याखालचा लग (तारेच्या टोकाची कडी) काळा-निळा पडलेला, तारेचं प्लास्टिक दोन बोटं लांब वितळून तपकिरी झालेलं. वास अजून येत होता. काचेच्या बाजूनं मात्र मीटर नव्यासारखा.

लग कापून नवा दाबून बसवला, बोल्ट घासून चकचकीत केला, खाली स्प्रिंग वॉशर टाकून घट्ट केलं. आता पूर्ण रस्ता ०.२, आणि रेसवर बॅटरीला १४.१.

ऑटोनगर_वायरिंग
उत्तम काम केलंत, आणि निगेटिव्ह आधी काढलंत ते तर फारच बरं केलंत. ॲमीटरच्या मागं बॅटरीची तार उघडीच येते आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत तिच्यावर फ्यूज नसतो. पाना बोल्टवरून सरकून पत्र्याला लागला तर ठिणगी नाही, जाळच.

मला ॲमीटरबद्दल हीच एक गोष्ट मनापासून खटकते. गाडीचा सगळा करंट डॅशबोर्डमध्ये आणून परत न्यायचा. खड्ड्यांनी नट ढिली होते, ढिली नट तापते, तापून अजून ढिली होते. म्हणून सांगतो, वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, मीटरमागच्या दोन नट हात लावून बघायच्या.

आता फॉग. त्यांची तार बॅटरीवरून काढा. अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवरून घ्या, म्हणजे ती मीटरच्या अल्टरनेटरकडच्या बाजूला आली. बोल्टपासून हातभराच्या आत १५ ॲम्पियरचा फ्यूज, पुढं रिले (लहान करंटवर चालणारा मोठ्या करंटचा स्विच), तार अडीच स्क्वेअर मिलीमीटर. मग इंजिन बंद असताना फॉग लावले तर काटा नऊनं डावीकडे गेलाच पाहिजे. गेला तर जोडणी बरोबर.

उगारचा_ट्रॅक्टरवाला
म्हणजे आता घाटात काटा मायनस दाखवणार की. मग फायदा काय झाला?

निपाणी_वखार
फायदा हाच की आता खरं दाखवतोय. स्लोवर अल्टरनेटर आपल्या ताकदीच्या निम्मं पण देत नाही. काटा डावीकडे गेला की गाडीवाल्याला कळतं, थोडी रेस वाढवायची, धुकं विरळ झालं की फॉग बंद करायचे, उभ्या गाडीत हेडलाईट डिममध्ये. वर पोचून मोकळा रस्ता लागला की काटा परत उजवीकडे येतो आणि हळूहळू शून्याला टेकतो. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा डावीकडेच राहिला तर काळजी.

हुक्केरी_दूधगाडी
शून्याला टेकतो म्हणजे चार्जिंग थांबलं असं नव्हे ना? आमचा ड्रायव्हर काटा शून्यावर आला की घाबरतो.

ऑटोनगर_वायरिंग
ताई, त्याला सांगा, चांगल्या गाडीत काटा बहुतेक वेळ शून्याच्या जरासा उजवीकडेच राहतो. सेल्फ मारल्यावर दहा-पंधरावर जातो, बॅटरीनं दिलेलं परत भरलं की खाली येतो. घाबरायचं ते काटा तासन् तास दहा-पंधरावर राहिला तर. अशा वेळी उभ्या गाडीत बॅटरीला हात लावून बघा. कोमट नव्हे, गरम लागली आणि बॅटरीच्या सहा खान्यांतल्या (सेलमधल्या) एकाचंच पाणी सारखं कमी होत असेल, तर तो खाना शॉर्ट झालाय. भरपूर खाते पण धरत नाही. अशी बॅटरी उभ्या गाडीत १०.५ च्या आसपास दाखवते. सहा खान्यांतला एक गेला की बरोबर दोन व्होल्टच्या वर कमी होतात. तेव्हा नवी घ्या, त्याआधी नाही.

खानापूरकरांची १२.१ ही निम्मी उतरलेली होती. गेलेली नव्हती. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास उभी ठेवून १२.६ दाखवते, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. चार्जिंग केल्या केल्या मोजलं तर आकडा फसवा येतो. हेडलाईट मिनिटभर लावून बंद करा, मग मोजा.

तुमची बॅटरी एकदा बाहेरच्या चार्जरवर सावकाश भरून घ्या. जेवढे ॲम्पियर-अवर लिहिलेत त्याच्या दहावा हिस्सा करंट, म्हणजे ७५ ची असेल तर साडेसात. झाकणं सैल, खोली मोकळ्या हवेची, जवळ विडी-काडी नको, निघणारा वायू पेट घेतो. भरल्यावर ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, बघायला सांगा. सगळ्या खान्यांत १२६० च्या आसपास आणि एकसारखी असेल तर बॅटरी अजून बरेच दिवस चालेल.

खानापूर_भाजीगाडी
भरून घेतली. पाच खाने १२६०, एक १२५०. दुकानदार म्हणाला, नवी घ्यायची गरज नाही. फॉगची तार पण तुम्ही सांगितल्यासारखी केली, इंजिन बंद ठेवून फॉग लावले तर काटा खटकन डावीकडं नऊवर. सगळ्यांचे मनापासून आभार.

चिकोडी_मालवाहू
मधेच एक विचारतो. माझ्या मामांच्या गाडीत असाच ३०-० -३० मीटर आहे आणि ते ६५ ॲम्पियरचा अल्टरनेटर बसवूलालेत, सेकंडहँड मिळालाय. चालेल?

ऑटोनगर_वायरिंग
त्या मीटरवर नाही चालणार. उतरलेली बॅटरी असेल तर मोठा अल्टरनेटर तीसच्या वर सहज पाठवेल. मीटरपण तापेल आणि मूळच्या तारापण. मामांना सांगा, ॲमीटर काढून त्या जागी व्होल्टमीटर बसवा. मीटरवरच्या दोन्ही जाड तारा एकाच बोल्टवर घट्ट आवळून वर जाड उष्णतारोधक स्लीव्ह चढवा. नुसती टेप नको, ती उन्हात सुटते. आणि अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड तार सरळ टाका, अल्टरनेटरच्या ताकदीला पुरेल असा फ्यूज बॅटरीजवळ लावून.

व्होल्टमीटरची तार बारीक चालते, तिच्यातून करंट नगण्य जातो. ती चावीच्या पुढून घ्या, म्हणजे गाडी बंद असताना मीटर बॅटरी खाणार नाही. चावीतून आलेला आकडा बॅटरीपेक्षा थोडा कमी दिसतो, कधी अर्ध्या व्होल्टनं. म्हणून पहिल्या दिवशीच मल्टिमीटर बॅटरीला लावून ताडून बघायचं आणि बॅटरीवर १४ असताना काटा जिथं उभा राहील तिथं काचेवर खूण करायची.